किडनीचा रुग्ण आणि सेप्सिस: नागपूर-विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत, डायलिसिसच्या खाटेपाशी आणि रात्री-बेरात्री फोनवर रुग्णांचे नातेवाईक जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे क्रमांक दिला आहे. तुमचा रुग्ण आत्ता या क्षणी थरथरत असेल, बरळत असेल किंवा धाप लागून बसला असेल, तर वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा.

१. सेप्सिस म्हणजे नेमकं काय? रक्तात जंतू झाले की सेप्सिसच ना?

नाही. शरीरात कुठेही इन्फेक्शन झालं आणि त्याला तोंड देताना शरीराची स्वतःची प्रतिक्रियाच इतकी बेबंद झाली की फुप्फुस, मेंदू, हृदय, यकृत, किडनी असे अवयव बिघडू लागले, की त्याला सेप्सिस म्हणतात. २०१६ पासून जगभर हीच व्याख्या धरली जाते. इन्फेक्शन लघवीचं, न्यूमोनियाचं, पायाच्या जखमेचं किंवा डायलिसिसच्या नळीचं असू शकतं. सेप्सिसच्या बऱ्याच रुग्णांच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) काहीच वाढत नाही, म्हणून ‘कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे सेप्सिस नाही’ हा हिशेब चुकतो.

२. किडनीच्या रुग्णांनाच हे जास्त का होतं?

रक्तातला युरिया वाढलेला असला की पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. त्यात अनेकांना मधुमेह असतो, काहींना स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतात. आणि डायलिसिसवाल्यांच्या रक्ताला बाहेरचं दार आठवड्यातून दोन-तीनदा उघडतं. ते दार मानेतली नळी असेल तर धोका सर्वांत जास्त आणि हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेली धमनी आणि शीर) असेल तर सर्वांत कमी. ‘फिस्टुला कधी करायचा?’ हा प्रश्न खरं तर डायलिसिस सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी विचारायला हवा, पण आपल्याकडे बहुतेक जण तो मानेत नळी पडल्यावरच विचारतात.

३. घरी कसं ओळखायचं? बाबांना ताप तर नाहीच.

ताप नसणं हा किडनीच्या रुग्णात अजिबात भरवशाचा पुरावा नाही. यांचं एरवीचं तापमानच कमी असतं. एरवी ९७ असणारा माणूस ९९.५ वर गेला, तर तो त्याच्यासाठी तापच समजा. अंग गार पडणं हेही तितकंच वाईट लक्षण आहे.

मग पाहायचं काय? पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २२ किंवा त्याहून जास्त भरले तर काळजीचं. घरी बीपीचं मशीन असेल तर वरचा आकडा पाहा. १०० किंवा खाली असेल, किंवा नेहमी १६० असणारा आज ११५ वर आला असेल, तर थांबू नका. हे दुसरं उदाहरण मुद्दाम दिलं, कारण ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून खूश झालेली घरं आम्ही नेहमी पाहतो. तिसरी गोष्ट म्हणजे भान. आज वार कोणता, नातवाचं नाव काय, असं साधं काही विचारा. सकाळपर्यंत पेपर वाचणारे काका दुपारी उत्तराला अडखळत असतील, तर ‘झोप झाली नसेल’ म्हणून सोडू नका. हातपाय गार, कातडीवर चट्टे, ज्यांना लघवी होते त्यांची एकाएकी थांबलेली लघवी, आणि ‘काहीतरी वेगळंच वाटतंय’ असं रुग्णाने स्वतः म्हणणं, हे सगळं याच यादीत येतं.

सगळ्यात जास्त वेळ ‘किडनीमुळेच असेल’ या एका वाक्यात जातो. धाप लागली की ‘पाणी साठलं असेल’, मळमळ झाली की ‘क्रिएटिनिन वाढलं असेल’, झापड आली की ‘युरिया चढला असेल’. कधी ते खरंही असतं, पण ते तपासून ठरवायचं असतं.

४. मशीनवर लावलं की अर्ध्या तासात हुडहुडी भरते, घरी आल्यावर बरं वाटतं. टेक्निशियन म्हणतो एसीमुळे. खरं का?

मानेत किंवा छातीत नळी असेल तर एसीला दोष देण्याआधी नळीवर संशय घ्या. नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा थर बसलेला असतो. मशीन सुरू होऊन रक्त वेगाने वाहू लागलं की ते जंतू थेट रक्तात जातात, आणि मशीन बंद झालं की पुन्हा शांत. म्हणून चार तास हुडहुडी आणि मग ‘बरं’. अशा वेळी नळीतून आणि मशीनच्या सर्किटमधून किंवा हाताच्या शिरेतून ब्लड कल्चर घेऊन मगच अँटिबायोटिक द्यायचं असतं. नुसतं पॅरासिटामॉल आणि अ‍ॅव्हिलचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, तर पुढच्या खेपेला हेच होणार, कदाचित जास्त जोरात. हाताच्या शिरेची गोष्ट निघाली म्हणून: ज्या हातात फिस्टुला आहे किंवा व्हायचा आहे, त्या हाताला सुई नाही, सलाईन नाही आणि बीपीचा पट्टाही नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर हे सांगण्याचं काम तुमचं.

५. परवा डायलिसिसची पाळी आहेच. तेव्हाच दाखवलं तर नाही चालणार?

नाही.

६. नळी काढायलाच हवी का? मोठ्या मुश्किलीने बसली होती.

तात्पुरती नळी असेल तर बहुतेक वेळा काढावीच लागते. कातडीखालून गेलेल्या पर्मकॅथच्या बाबतीत विचार करायला थोडी जागा असते. रुग्ण स्थिर असेल, ताप दोन-तीन दिवसांत उतरला आणि जंतू सौम्य जातीचा असेल, तर अँटिबायोटिकसोबत तारेवरून नळी बदलणं किंवा नळीत औषध भरून ठेवणं शक्य असतं. पण बीपी पडलेलं असेल, नळीच्या मार्गावर पू असेल, किंवा कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्यूडोमोनास अथवा बुरशी आली असेल, तर नळी ठेवण्याचा हट्ट जिवावर बेततो. स्टॅफ ऑरियसला रक्तातून हृदयाच्या झडपेत आणि पाठीच्या मणक्यात जाऊन बसायची खोड आहे. म्हणून ताप उतरल्यावरही डॉक्टर इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतात आणि इंजेक्शनं चार ते सहा आठवडे चालवतात. नळी निघाल्यानंतर काही आठवड्यांनी कंबर किंवा पाठ सतत दुखू लागली, तर ती हाडांच्या डॉक्टरांकडे नेण्याआधी आम्हाला सांगा.

७. दवाखान्यात नेल्यावर पहिल्या तासात काय व्हायला हवं?

ब्लड कल्चर, लॅक्टेटची तपासणी (अवयवांना रक्त कमी पडलं की हे आम्ल रक्तात वाढतं), अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि बीपी पडलेलं असेल तर सलाईन. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल, तर अँटिबायोटिक तासाभरात जावं, असं २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. शॉक नसेल आणि निदान अनिश्चित असेल तर झटपट तपासण्या करून तीन तासांपर्यंत निर्णय घ्यायला वाव असतो. सलाईन देऊनही सरासरी बीपी (वरच्या-खालच्या आकड्यांवरून काढलेलं) ६५ च्या वर राहत नसेल तर बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सुरू करतात. सोबतीला इन्फेक्शनचं मूळ शोधणं आलं: पू असेल तर काढणं, नळी असेल तर उपटणं, अडलेली लघवी मोकळी करणं. मूळ जागच्या जागी ठेवून नुसती अँटिबायोटिकं बदलत बसण्यात दिवस जातात.

८. आईला लघवीच होत नाही, रोजचं पाणी लिटरभरावर आणलंय. मग हे लोक एवढं सलाईन का चढवतायत?

हा सर्वांत जास्त भांडणं लावणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं. त्यामुळे पायावर सूज दिसत असली तरी रक्तवाहिन्यांच्या आत पाणी कमी असू शकतं. बीपी पडलं आहे, लॅक्टेट वाढलं आहे, आणि ‘किडनीचा पेशंट आहे’ म्हणून सलाईन दिलंच नाही, तर उरलेली किडनी, आतडी, मेंदू सगळंच उपाशी राहतं. साधारण नियम पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे ३० मिलि, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिलि. हा नियम बारीक पुराव्यावर उभा असल्याचं तो लिहिणारेही मान्य करतात, पण किडनीच्या रुग्णाला त्यातून सरसकट वगळा, असं कुठेही म्हटलेलं नाही.

प्रत्यक्षात आम्ही एकदम दोन लिटर ओतत नाही. २५० ते ५०० मिलि देऊन पुन्हा छातीला स्टेथोस्कोप लावायचा, श्वास मोजायचा, ऑक्सिजन पाहायचा, सोनोग्राफीचं मशीन हाताशी असेल तर हृदय आणि फुप्फुस बघायचं, मग पुढचा हप्ता. रुग्णाला लघवी होत नसेल तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन जरा लवकर सुरू करून पाणी आखडतं घेता येतं, आणि जास्त झालेलं पाणी डायलिसिसने काढता येतं. बीपीअभावी मेलेलं आतडं मात्र परत आणता येत नाही. म्हणून डॉक्टरांना ‘सलाईन बंद करा’ म्हणण्याऐवजी ‘आत्तापर्यंत किती गेलं आणि छाती कशी आहे?’ असं विचारा. आणि रुग्णाचं ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) किती, हे आल्या आल्या सांगा.

याला जोडून येणारा उपप्रश्न: रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम असतं, मग ते कसं चालेल? त्यात लिटरमागे ४ मिलिइक्विव्हॅलंट एवढंच पोटॅशियम असतं, म्हणजे साधारण रक्ताइतकंच. उलट नॉर्मल सलाईन भरमसाट दिलं की रक्त आम्लधर्मी होतं आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. दिवसभर संत्री सोलून खाऊ घालणाऱ्या घराने रिंगरच्या बाटलीला घाबरावं, हे आम्हाला जरा गमतीचं वाटतं.

९. अँटिबायोटिकने किडनी आणखी जाईल ना? डोस अर्धाच द्यायला सांगू का?

पहिला डोस पूर्णच द्यायचा. किडनी कमजोर असल्याने औषध शरीरातून उशिरा बाहेर पडतं, म्हणून पुढच्या डोसांचं प्रमाण किंवा त्यांच्यामधलं अंतर बदलावं लागतं. पण पहिल्या डोसाचं काम रक्तात औषध भरून घेण्याचं असतं, त्याला किडनीशी देणंघेणं नसतं. सेप्सिसमध्ये ‘जपून’ दिलेला अर्धा पहिला डोस जंतूला जपतो. पहिल्या एक-दोन दिवसांत तर डोस फार लवकर कमी करू नये, कारण तेवढ्यात किडनी सावरू शकते.

किडनीला खरोखर त्रास देणारी औषधं वेगळीच असतात: अमिकासिन आणि जेंटामायसिन, कोलिस्टिन, जास्त मात्रेतलं व्हॅन्कोमायसिन. त्यांचीही गरज कधी कधी पडते, तेव्हा रक्तातली पातळी मोजून देतात. मात्र तापासाठी घराजवळ डायक्लोफेनॅकची सुई घेणं किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या खाणं पूर्ण टाळा. तापाला पॅरासिटामॉल चालतं. लघवीच्या इन्फेक्शनसाठी मेडिकल स्टोअरवाल्याने दिलेलं नायट्रोफ्युरँटॉइन किडनी बरीच उतरलेली असेल तर लघवीत पोचतच नाही, वर नसांना त्रास देतं. डायलिसिसच्या दिवशी बरीच अँटिबायोटिकं मशीनमध्ये धुतली जातात, म्हणून ती डायलिसिस संपल्यावर द्यायची असतात. वॉर्डात पाळी बदलताना इथे गफलत होते, नातेवाइकांनी विचारलेलं चांगलं.

१०. ताप उतरला, पण तिसऱ्या दिवसापासून बाबा असंबद्ध बोलतायत, हात झटकतायत. सेप्सिस डोक्यात गेलं का?

तेही शक्य आहे, पण औषधांचा कागद आधी बघायला सांगा. सेफेपिम किडनीच्या रुग्णात साठलं की नेमकं असंच होतं: गोंधळ, स्नायू झटकणं, कधी फिट. इमिपेनेमनेही फिट येऊ शकते. औषध बदललं किंवा डायलिसिस केलं की माणूस बहुधा ताळ्यावर येतो.

११. आधी किडनी चांगली होती. सेप्सिसमुळे डायलिसिस लागलं. आता जन्मभर?

बहुतेक वेळा हे आधी सांगता येत नाही, आणि जे खात्रीने सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. सेप्सिसमध्ये बंद पडलेली किडनी काही दिवसांत, काही आठवड्यांत परत चालू होऊ शकते. तीन महिने उलटूनही डायलिसिस सुटलं नाही तर ते कायमचं असण्याची शक्यता वाढते. जे सुटतात त्यांनीही तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासावीत. पूर्वी लघवी यावी म्हणून कमी मात्रेत डोपामिन लावायचे. त्याने किडनी वाचत नाही हे सिद्ध होऊन बरीच वर्षं झाली. लॅसिक्सने लघवी वाढते, किडनी दुरुस्त होत नाही.

१२. क्रिएटिनिन ६ झालंय तरी ‘थांबू’ म्हणतात. लगेच डायलिसिस का नाही? आणि सीआरआरटी (चोवीस तास चालणारं डायलिसिस) नाही म्हणून दुसरीकडे हलवू का?

पोटॅशियम धोक्याच्या वर, रक्त फार आम्लधर्मी, फुप्फुसात पाणी, किंवा युरियामुळे भान हरपलं, तर लगेच. नुसत्या आकड्यासाठी नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एका चाचणीत सेप्टिक शॉक आणि किडनी बिघडलेल्या ४८८ रुग्णांपैकी अर्ध्यांना लगेच डायलिसिस दिलं, अर्ध्यांना ४८ तास थांबून. लगेच दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, आणि थांबवलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना डायलिसिस करावंच लागलं नाही. पण थांबवलेल्यांतल्या काहींना मध्येच तातडीने मशीनवर घ्यावं लागलं. म्हणून थांबायचं ते दर काही तासांनी तपासत.

बीपी डगमगत असेल तर संथ गतीने, सहा ते बारा तास चालणारं स्लेड करतात. चोवीस तास चालणाऱ्या सीआरआरटीपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं आणि जगण्याच्या हिशेबात उणं असल्याचं दिसलेलं नाही. केवळ त्या मशीनसाठी व्हेंटिलेटरवरचा माणूस धंतोलीतून रामदासपेठेत हलवणं आम्हाला पटत नाही.

१३. प्रोकॅल्सिटोनिन वाढलंय, म्हणजे नक्की सेप्सिस?

प्रोकॅल्सिटोनिन हा इन्फेक्शनमध्ये वाढणारा रक्तातला आकडा. डायलिसिसच्या रुग्णात तो इन्फेक्शनशिवायही थोडा वर असतो, सीआरपी (दाह दाखवणारा आकडा) हाही तसाच. स्टेरॉइड चालू असेल तर पांढऱ्या पेशीही वाढलेल्या दिसतात. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं. मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, कारण बिघडलेल्या किडनीत त्याने लॅक्टेट वाढतं.

१४. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या भावाला १००.४ ताप आहे. गोळ्या बंद करू का?

स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका, विशेषतः स्टेरॉइड. वर्षानुवर्षं ते घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवणं विसरतं, आणि ताणाच्या वेळी ते एकाएकी थांबलं की बीपी कोसळतं. उलट दवाखान्यात त्याची मात्रा वाढवतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांपैकी मायकोफेनोलेट कमी करायचं की थांबवायचं, टॅक्रोलिमसचं काय करायचं, हे ट्रान्सप्लांटची टीम ठरवेल. फोन आजच करा.

बाहेरच्या डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा: क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोलने टॅक्रोलिमसची पातळी चढते, रिफाम्पिसिनने ती इतकी उतरते की किडनी नाकारली जाऊ शकते. या रुग्णांत टीबी, बुरशी, सीएमव्ही नावाचा विषाणू असे पाहुणेही असतात, म्हणून नेहमीच्या अँटिबायोटिकने ताप हटला नाही तर शोध लवकर वाढवावा लागतो.

१५. पोटाचं डायलिसिस चालू आहे. आज पाणी गढूळ आलं, पण दुखत नाही.

पोटातलं इन्फेक्शन धरून चाला. ती पिशवी फेकू नका, बांधून सोबत आणा. तीच आमची पहिली तपासणी. पाण्यात पांढऱ्या पेशी १०० च्या वर आणि त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असतील तर निदान पक्कं. औषध बहुतेक वेळा त्याच नळीतून पोटात सोडतात, अनेकांना भरतीही व्हावं लागत नाही. बीपी पडलं असेल तर मात्र प्रश्न ७ प्रमाणेच सगळं.

१६. मुतखडा आहे, थंडी वाजून ताप आला. अँटिबायोटिक चालू केलंय, ऑपरेशन नंतर बघू का?

खड्याचं ऑपरेशन नंतर, पण अडलेली लघवी आजच मोकळी करायची. खड्याच्या वर पू तुंबला असेल तर औषध तिथे पुरेसं पोचत नाही. डीजे स्टेंट (लघवीच्या मार्गात आतून ठेवायची बारीक नळी) टाकून किंवा पाठीतून नळी घालून तो काढावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पलीकडे गेल्यावर, खड्याचे रुग्ण वाढतात. मधुमेह असेल तर सीटी स्कॅनला नाही म्हणू नका, कारण किडनीत वायू तयार करणारं इन्फेक्शन साध्या तपासणीत निसटतं.

१७. पावसाळ्यात शेतातून आल्यावर ताप, आता किडनी आणि लिव्हर दोन्ही बिघडलं. इतकी महागडी अँटिबायोटिकं देऊनही उतार नाही.

स्क्रब टायफसचा विचार केला का, हे विचारा. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. काख, जांघ, कंबरेचा पट्टा, स्तनाखालची घडी अशा जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली शोधा. ती दुखत नाही, म्हणून रुग्णालाही ठाऊक नसते. मेरोपेनेमसारखी औषधं यावर चालतच नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं, स्वस्त आहे आणि किडनीसाठी त्याचा डोस बदलावाही लागत नाही. मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस यांच्या तपासण्या सोबत होतातच.

१८. मुलीला सिकलसेल आहे, आता लघवीतून प्रथिनं जातायत. तिच्यासाठी काही वेगळं?

हो, ताप आला की वाट पाहणं नाही. सिकलसेलमध्ये प्लीहा निकामी होते, त्यामुळे न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तभर पसरतात. शिवाय या रुग्णांचं क्रिएटिनिन मुळात कमी असतं. रिपोर्टमध्ये ‘१.१, नॉर्मल’ असं छापून आलं तरी ०.५ वरून ते दुप्पट झालेलं असू शकतं. जुना रिपोर्ट सोबत ठेवा. अंगदुखीसाठी प्रश्न ९ मधल्या सुया इथेही वर्ज्य.

१९. आम्ही गडचिरोलीकडचे. थेट नागपूर गाठू की आधी जिल्ह्याच्या ठिकाणी थांबू?

आधी जवळचा दवाखाना. गडचिरोलीहून नागपूरला तीन-चार तास तरी लागतात आणि आतल्या गावांहून त्याहून बरेच जास्त. कल्चरसाठी रक्त, अँटिबायोटिकचा पहिला डोस, सलाईन आणि ऑक्सिजन एवढं जिल्हा रुग्णालयात होऊ शकतं. मग तिथल्या डॉक्टरांना इथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावा आणि निघा. किती वाजता कोणता डोस दिला ते चिठ्ठीवर लिहून घ्या. डायलिसिसचा चार्ट आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.

२०. खर्चाचं काय?

नागपुरात शासकीय सोय मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), त्याचं सुपर स्पेशालिटी, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स इथे आहे. खासगीत जाणार असाल तर ते रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का हे भरतीच्या वेळीच आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार दाखवून. कोणता उपचार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो हे तोच सांगेल. तिसऱ्या दिवशी विचारलं की कागदपत्रांची धावपळ होते.

२१. नळी असलेल्या माणसाने घरी काय पाळायचं?

ड्रेसिंग कोरडं ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरच्या दमट हवेत आणि घामाने त्याची कड सुटते. सुटली की वरून चिकटपट्टी लावू नका, सेंटरला जाऊन बदलून घ्या. डोक्यावरून आंघोळ नाही, हळद नाही, कडुनिंबाचा लेप नाही. नळीचं झाकण उघडताना नर्स आणि रुग्ण दोघांच्याही तोंडावर मास्क हवा, आणि नसेल तर मागा. मधुमेह असेल तर तळपाय रोज बघा. लसींमध्ये हेपटायटिस बी, न्यूमोकोकस आणि दरवर्षी फ्लू. हेपटायटिस बीचा डोस डायलिसिसच्या रुग्णात दुप्पट लागतो. जिवंत जंतूंच्या लसी ट्रान्सप्लांटनंतर चालत नाहीत, म्हणून ज्या घ्यायच्या त्या आधीच.

२२. सेप्सिसमधून बाहेर आलो, ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव आहे. नाव कटेल का?

इन्फेक्शन शरीरात असताना ऑपरेशन करता येत नाही, कारण त्यानंतरच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. त्यामुळे समन्वयकाला लगेच कळवा, लपवू नका. किडनी उपलब्ध झाल्याचा फोन मध्यरात्री आला आणि इंजेक्शनं अजून चालू आहेत हे तेव्हा कळलं, तर ती किडनी दुसऱ्याला लवकर देता आली असती, तो वेळ वाया जातो. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला, कल्चर स्वच्छ आलं, स्टॅफ ऑरियस असेल तर इको झाला, वजन आणि ताकद थोडी परत आली, की डॉक्टर पुन्हा फिटनेस देतात. त्यादरम्यान मानेतली नळी जाऊन हातात फिस्टुला करता येत असेल तर तो करून घ्या.